तंबूचा चुकलेला ठिपका

तंबूसाठी माझ्या आतेबहिणीच्या यजमानांनी जेवढं आयुष्य वेचलं तेवढं हिमालयात कुणी तपश्चर्येपायीसुद्धा वेचलं नसेल, आणि तंबूत त्यांच्याइतकी वाईट झोपही कुणाला लागली नसेल. भावोजींना थंडी बाधायची, ओल बाधायची, उशी दोन बोटं कमीजास्त झाली की मान धरायची. झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर लागायचा, आणि तंबूत ती सोय नसते. सुट्टीनंतर ते कचेरीत मान एका बाजूला कलती ठेवून शिरत, त्यामुळे त्यांच्या साहेबांची कित्येक वर्षं अशी समजूत होती की हे गृहस्थ स्वभावाने फार नम्र आहेत. असा हा माणूस नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत प्रत्येक जोडसुट्टीला व्हॅन काढून डोंगरात जाई, कुठल्यातरी नदीकाठी कुडकुडत पडून राही, आणि परत आला की ती जागा कंप्युटरवर चढवी. कशासाठी, तर दुसऱ्या लोकांनाही न चुकता तिथे जाऊन कुडकुडता यावं. "आवडत नाही तर जाता कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं. "आवडण्याचा काय संबंध?" ते म्हणाले. "नकाशात टाकायची जागा आधी बघायला नको?"

नकाशा हा त्यांचा पेशाच होता. एका सरकारी खात्यात ते ड्राफ्ट्समन होते आणि जन्मभर त्यांनी दिल्लीच्या गटारांचे नकाशे काढले. मी नोकरीला दिल्लीत आलो तेव्हा पहिले आठ महिने त्यांच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये दिवाणावर काढले. संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो. रस्त्यावर काय चाललंय याच्याशी भावोजींना देणंघेणं नसे. ते पायाखाली बोट दाखवून "इथून नऊ इंची जाते" म्हणत, कोपऱ्यावर थांबून "इथे वळते" म्हणत, आणि मीही मान डोलवी, कारण जेवण त्यांच्याकडे होतं. एका रविवारी मला लाल किल्ला दाखवायला नेलं. मी भारावून भिंतींकडे बघत उभा होतो, आणि भावोजींनी त्या सगळ्या वैभवाबद्दल एवढंच सांगितलं की उतार चांगला काढलाय.

पुढे असा काळ आला की क्वार्टरांत राहणारी सगळी मंडळी यमुना ओलांडून पलीकडे फ्लॅट बघायला लागली. भावोजींनीही गाझियाबादच्या बाजूला चौथ्या मजल्यावर एक घेतला. बिल्डरने सोसायटीला बागेचं नाव दिलं होतं, बाग तेवढी यायची होती. लिफ्टची विहीर होती, लिफ्ट नव्हती. समोर अजून मोहरीचं शेत होतं आणि ताई, म्हणजे माझी आतेबहीण, गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली भाजीवाल्याकडे सोडायची. याच सुमारास खात्यातल्या एका इंजिनियरच्या मुलाने परदेशाहून गाडीत लावायचं, रस्ता सांगणारं यंत्र आणलं आणि चार दिवस भावोजींना वापरायला दिलं. भावोजी ते व्हॅनच्या काचेला चिकटवून हरिद्वारच्या पुढे गेले. मोठा रस्ता सोडून गाडी डोंगराकडे वळली मात्र, पडद्यावरचं सगळं गेलं आणि नुसत्या पांढऱ्यात एक निळा बाण उरला. गाडी कडेला घेऊन ते बराच वेळ त्या पांढऱ्याकडे बघत बसले होते, असं ताई सांगते. माणूस खरोखर दुखावला होता. "गटार नसेल तिथे आम्ही गटार नाही असं लिहितो," ते मला म्हणाले. "कोरं सोडत नाही."

त्या पांढऱ्यात भरायचं काय, हे गुडगावच्या पोरापोरींनी सोडवलं. नव्या काचेच्या कचेऱ्यांतली ही मंडळी तेव्हा नवी गाडी घेऊन, टपावर तंबू बांधून डोंगराकडे सुटायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत "भैया, कैंपसाइट किधर है?" करत ढाब्याढाब्यावर फिरायची. तंबू ठोकायच्या जागेला ना पत्ता, ना पाटी. भावोजींनी ठरवलं की हे आपलं काम, आणि स्वतःसाठी एक नवं यंत्र घेतलं; त्यात डोंगरातले रस्ते थोडेफार आले होते. खात्यातून बाद झालेली लांबलचक रजिस्टरं त्यांनी घरी आणली आणि कामाला सरकारी शिस्त लावली. जागेवर उभं राहून अक्षांश-रेखांश घ्यायचे ते अंश आणि मिनिटांत, कारण ते तसेच शिकले होते. यंत्राला मात्र दशांश अपूर्णांक लागतो, म्हणून मिनिटांना साठाने भागायचं, आणि तेही समासात, पेन्सिलीने, कॅल्क्युलेटर शेजारी पडलेला असताना. शिवाय मुख्य नियम असा की जिथे आपण स्वतः एक रात्र झोपलो नाही ती जागा चढवायची नाही. ताई पहिल्या तीन जागांना हौसेने बरोबर गेली. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "अहो, मला घरात झोपायला आवडतं. लग्नाआधी सांगायचं राहून गेलं."

रविवारी सकाळी त्यांच्याकडे नुसती रीघ लागायची. कुणाकडून तरी नाव ऐकून पोरं यायची, खिशातून, पिशवीतून आपापली यंत्रं काढायची, आणि भावोजी जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात केबल लावून त्यांच्यात जागा चढवून द्यायचे. टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागात ताईचे पोहे असायचे आणि ते खाल्ल्याशिवाय केबल लागत नसे. प्रत्येक जागेपुढे भावोजी शेरा लिहीत, तो इंग्रजी लिपीत पण मराठीत, कारण शेरा लिहिताना दुसऱ्या भाषेत विचार करणं त्यांना जमत नसे. त्यामुळे पंजाबी, बंगाली, तमिळ पोरांच्या पडद्यावर ऐन घाटात "पाणी लांब" किंवा "मालक फार बोलतो" अशी अक्षरं उगवायची आणि बिचाऱ्यांना ती गावांची नावं वाटायची. एकदा एक सरदार तरुण फार खुशीत आला. म्हणाला, "अंकल, ये 'कुत्रा चावतो' बड़ी सुंदर जगह है जी." भावोजींनी विचारलं, "वहाँ कुत्ता मिला?" "मिला ना. काट लिया." भावोजींनी शांतपणे रजिस्टर उघडून त्या नोंदीपुढे बरोबरची खूण केली.

यंत्राशी त्यांचं वागणं अदबीचं होतं. आतून बोलणाऱ्या इंग्रज बाईंना ते "बाई" म्हणत आणि शक्यतो त्यांचा शब्द मोडत नसत. मोडावाच लागला तर कारण देत. "बाई, तुम्हाला कळवलं नसेल, पण पुढचा पूल गेल्या पावसात वाहून गेलाय," असं समजावणीच्या सुरात सांगून ते डावीकडे वळत, आणि बाई पुढचे दहा मैल मागे फिरा, मागे फिरा म्हणत राहत. अशा वेळी भावोजी खरोखर ओशाळलेले दिसत. माणसांशी मात्र ते एवढं कधी बोलत नसत.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला गुडगावचं एक जोडपं मुद्दाम आभार मानायला आलं. "अंकल, वो नदीवाली जगह तो कमाल निकली. और आंटी ने खाना क्या खिलाया." भावोजींनी वर पाहिलं. "कौन-सी आंटी?" त्या नदीकाठी वाळू होती आणि एक मोडका हातपंप होता, आंटी नव्हती. आंटी असती तर शेऱ्यात आली असती. पुढच्या रविवारी दुसरा एकजण म्हणाला, नदी काही दिसली नाही, पण आंटी फार चांगल्या आहेत. भावोजी उठले, रजिस्टर काढलं, आणि समासावर बोट ठेवून तसेच उभे राहिले. रेखांशांचा भागाकार होता. अक्षांशांचा नव्हता, मध्येच कुणाचा तरी फोन आला असावा. तीस अंश बारा मिनिटं. बाराला साठाने भागलं की यंत्रासाठी तीस पूर्णांक वीस होतात. भावोजींनी न भागता तीस पूर्णांक बारा चढवले होते, आणि तंबूचा ठिपका नदी सोडून नऊ-एक किलोमीटर दक्षिणेला, डोंगराच्या पलीकडे, कुणा अनोळखी बाईच्या दारात जाऊन बसला होता.

त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. "माझ्या हातून खोटा नकाशा गेला," एवढंच दोनदा म्हणाले. ठिपका तिथल्या तिथे काढून टाकता आला असता, पण त्यांच्या मते ते पळून जाणं होतं. परक्या बाईच्या दारात आपण माणसं धाडली, तेव्हा आधी जाऊन माफी मागायची, मग ठिपका काढायचा. ताईने मला फोन केला. "तू जा बरोबर. हे माफी मागायला लागले की थांबत नाहीत." मला डिसेंबरच्या थंडीत घरी रजईत पडून राहायचं होतं, पण ताईचे आठ महिन्यांचे पोहे आठवले आणि गेलो. वाटेत भावोजी हिंदीची तयारी करत होते. "बहनजी, हमसे भाग करना रह गया, इसलिए आपको इतनी तकलीफ..." इथपर्यंत येऊन ते थांबत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. ऋषिकेश येईपर्यंत मलाही पाठ झालं होतं.

डांबरी रस्ता त्या घरापाशीच संपत होता. दोन खोल्या, पुढे अक्रोडाचं झाड आणि एक सपाट अंगण. अंगणातले दगड वेचून कडेला रचलेले होते. तंबू ठोकणाऱ्यांसाठी कुणीतरी ते मुद्दाम साफ केलं होतं. घरातून साठीच्या एक ठेंगण्या बाई पदराला हात पुसत आल्या, आणि भावोजींनी "बहनजी" म्हणायच्या आत म्हणाल्या, "दिल्ली से? मशीन में देखकर आए ना? बैठो, चाय चढ़ाती हूँ." चहा देता देता त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगा, दिनेश, बायकोमुलांसह गाझियाबादेत असतो. चार वर्षांत त्याला यायला जमलेलं नाही, फोन तर कधीचा बंद लागतो. "पर भूला नहीं है," त्या म्हणाल्या. "उसी ने घर मशीन में डलवाया है. खुद नहीं आ पाता तो आदमी भेजता रहता है. कोई न कोई आता ही है." मग त्यांनी भावोजींकडे नीट पाहिलं. "आप जानते हो उसको?"

आपल्या लग्नाच्या बोलण्यात कुणी विचारलं नसताना पायावरचा जुना इसब सांगणारा हा माणूस. आता हा बोलणार, भागाकारासकट सगळं सांगणार, म्हणून मी अक्रोडाकडे बघायला लागलो. भावोजींनी कपात फुंकर घातली. मग ते म्हणाले, "हाँ जी. जानते हैं." "दुबला हो गया है क्या?" "नहीं. ठीक है." "गुस्सा तो नहीं करता?" "बिल्कुल नहीं," भावोजी म्हणाले, आणि चहा एका घोटात संपवला. मी इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वाटला. मुक्काम तिथेच केला. भावोजी नियमाप्रमाणे अंगणात तंबू ठोकून झोपले. मी बाईंनी आग्रह केल्याबरोबर आत झोपलो.

सकाळी निघताना बाईंनी कापडी पिशवी भरून माल्टे दिले. माल्टा म्हणजे तिकडचं मोसंबीच्या जातीचं आंबटगोड फळ. त्यांच्या दारचंच झाड होतं. "दिनेश को दे देना," म्हणाल्या, आणि एक घडी घालून घालून फाटत आलेला कागद दिला. त्यावर पत्ता होता: मोठ्या टंकीच्या मागे, गाझियाबाद. आम्ही व्हॅन काढली. यंत्रातल्या बाई मागे फिरा म्हणाल्या तरी भावोजींनी त्यांना कारण दिलं नाही. उतार संपल्यावर म्हणाले, "नोंद खोटी आहे हे मला मान्य आहे. पण ती खोडली तर तिच्याकडे माणसं जायची थांबतील, आणि ती समजेल की मुलगा विसरला." "मग?" मी विचारलं. "मग आधी मुलगा शोधायचा."

आता ज्याने कधी गाझियाबाद पाहिलेलं नाही त्याला यातली गंमत कळायची नाही. तिथे जितक्या कॉलन्या तितक्या पाण्याच्या टाक्या, आणि प्रत्येक कॉलनीला आपलीच टंकी मोठी वाटते. हिमालयातल्या कुठल्या ओढ्याकाठी कुत्रा आहे हे सांगू शकणारे भावोजी रविवारमागून रविवार आपल्याच गावात टंकी शोधत हिंडायला लागले. यंत्र घेऊन आलेल्या पोरांना ताई पोहे देऊन परत पाठवी. मी जमेल तेव्हा बरोबर जाई आणि जमेल तेवढी थट्टा करी. "भावोजी, टंकीवर चढून हाक मारा ना." त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "सगळ्या एकाच उंचीच्या नाहीत." असा जानेवारी गेला. इकडे पिशवीतले माल्टे एकेक करून नासायला लागले. ताईने ते फ्रिजमध्ये ठेवले, पुसले, निवडले, शेवटच्या दोनांचा रस काढला आणि तो भावोजींना देऊन टाकला. त्या आठवड्यात ती मंडईत गेली, नागपुरी संत्री घेऊन आली आणि त्याच कापडी पिशवीत भरून ठेवली. भावोजींनी पिशवीत डोकावून पाहिलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. भावोजींनी पिशवीची गाठ मारली.

दिनेश सापडला तो फेब्रुवारीत, एका टंकीमागच्या चाळवजा खोल्यांत. कॉल सेंटरच्या पोरापोरींना रात्री ने-आण करणारी गाडी तो चालवायचा आणि दिवसा झोपायचा. आम्ही गेलो तेव्हा भर दुपारी नळावर दात घासत होता. चांगला उंच, तिशीचा माणूस. भावोजींनी त्याच्या गावाचं नाव घेतलं तसा त्याचा हात थांबला. तोंडातला फेस न थुंकताच तो म्हणाला, "माँ को कुछ हो गया?" "नहीं नहीं," भावोजी घाईघाईने म्हणाले. "माल्टे भेजे हैं." तो बाजेवर बसला. पिशवीतून एक काढून सोलला, आणि साल हातात अलगद सुटून आली तशी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. एक फोड खाल्ली. "हमारे माल्टे तो खट्टे होते थे." "इस साल मीठे हुए हैं," भावोजी माझी नजर चुकवून म्हणाले. त्याला कळलं असणारच. त्या झाडाखाली वाढलेला मुलगा तो. पण त्याने पुरतं फळ खाल्लं, बिया हातात धरून ठेवल्या.

मग भावोजींनी ऋषिकेशपर्यंत पाठ केलेली ती माफी शेवटी त्याच्याजवळ मागितली. भागाकार कसा राहिला, ठिपका कसा सरकला, सगळं सांगितलं. "तो गलती मेरी है. लेकिन माँ समझती हैं कि घर आपने मशीन में डलवाया. इसलिए अब वह आप ही ने डलवाया है. याद रखिए. पूछेंगी." दिनेशने हातातल्या बिया बाजेच्या पायाशी ठेवल्या. "पहले साल छुट्टी नहीं मिली," तो म्हणाला. "फिर शर्म आने लगी. जितनी देर होती गई, उतनी और." त्याने विचारलं, तो ठिपका दाखवता का. आम्ही तिघं व्हॅनमध्ये बसलो. भावोजींनी यंत्र सुरू केलं, ठिपका काढला, आणि यंत्रातल्या बाईंनी त्या टंकीपासून त्याच्या अंगणापर्यंतचा सगळा रस्ता पडद्यावर आखून दिला. सात तास वीस मिनिटं. "बस इतना ही?" दिनेश म्हणाला. भावोजी त्याला म्हणाले की घाटात थोडं जास्त धरा.

त्यानंतर त्याची काही खबर आली नाही, आणि भावोजींनी विचारायला जायचं नाही असं ठरवलं. "आपण सांगितलंय. आता तो आणि त्याचा रस्ता," ते म्हणत, पण रविवारी दारावरची बेल वाजली की माझ्याआधी उठत. होळीनंतरच्या रविवारी गुडगावचा एक तरुण जरा घुश्श्यातच आला. मी तिथे होतो. "अंकल, आपकी नदीवाली जगह बेकार है. इतनी दूर गए और आंटी ने वापस भेज दिया." भावोजींनी हातातली केबल खाली ठेवली. "क्यों भेजा?" "बोलीं, जगह नहीं है. बेटा-बहू आए हैं, बच्चे आँगन में खेल रहे हैं." "फिर से बोलो," भावोजी म्हणाले. तो बिचारा पुन्हा बोलला. ताई स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊन बाहेर आली, म्हणून त्याला तिसऱ्यांदा सांगावं लागलं. "तो उसको हटा दीजिए ना," तो म्हणाला. "लोग बेकार में जाएँगे."

भावोजींनी रजिस्टर उघडलं आणि समासात पेन्सिलीने बाराला साठाने भागलं. कंप्युटरवर तो ठिपका समोर आला. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "आता आपल्याला तिकडे जायला काही कारण उरलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी तो काढून टाकला.